बाबांचा नऊ

प्रिय भिंगरी,

पाकीट जाड आहे म्हणून घाबरून जाऊ नकोस. आम्ही दोघं धडधाकट आहोत, घर जागेवर आहे, कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. फक्त तुझ्या बाबांचं लायसन्स गेलं. हरवलं नाही, गेलं; कोर्टाने सहा महिन्यांसाठी काढून घेतलं, आणि तेही बेफाम गाडी चालवली म्हणून. हे वाक्य हवं तर पुन्हा वाच. मीसुद्धा कोर्टात उभ्या उभ्या ते मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिलं. ज्यांच्या मागून येणारा सायकलवालासुद्धा कंटाळून घंटी वाजवतो, त्या माणसाला वेगाबद्दल शिक्षा झाली. आता हे सगळं फोनवर कसं सांगणार? रविवारी बाबा फिरायला बाहेर पडले की तुझा फोन येतो, तू म्हणतेस बरी आहे, कामात आहे, ठेवते, आणि खरंच ठेवतेस. पत्र असं लिहिणाऱ्याच्या तोंडावर ठेवता येत नाही. लहानपणी गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचून टाकायचीस, तो चावटपणा आज करू नकोस. मी ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने वाच.

बाबांच्या लायसन्सची मुदत संपत आली होती, म्हणून आम्ही दोघं वाहन कार्यालयात गेलो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, कारण तिथे फोटो काढतात. खिडकीवरच्या बाईंनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं, चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाल्या की तुमच्या नावावर वेगाची चलानं थकली आहेत, ती मिटल्याशिवाय लायसन्स मिळणार नाही. बाबा म्हणाले, एखादं असेल चुकून. बाई म्हणाल्या, एखादं कसलं, मला पडदा खाली सरकवावा लागतोय. बाबांचा चेहरा तू पाहायला हवा होतास. चलान आलं याचा त्यांना राग नव्हता, वेगाचं आलं याचा होता. त्यांनी तिथेच बाईंना समजवायला घेतलं की माझ्या गाडीत रंगाचे उघडे डबे असतात, आणि उघडे डबे घेऊन जाणारा माणूस भरधाव जात नसतो, कुणालाही विचारा. मागे रांग वाढत चालली होती. रांगेतला एक अनोळखी माणूस पुढे येऊन म्हणाला, बाई, हे अगदी खरं बोलताहेत, मी रोज सकाळी यांच्या मागे अडकतो आणि रोज कामावर उशिरा पोचतो. आयता साक्षीदार मिळाला, पण खिडकीवर साक्ष चालत नाही म्हणे.

नोटिसा आम्हाला मिळाल्या कशा नाहीत, तर त्या दुकानाच्या पत्त्यावर जात होत्या. पाट्या रंगवण्याचं दुकान बाबांनी मागच्या हिवाळ्यात बंद केलं, उरलीसुरली कामं ते गाडीतूनच करतात, हे तुला मी फोनवर सांगायचा प्रयत्न केला होता, पण तू तेवढ्यात ठेवलास. शटर वर केलं तर आत दाराशी नोटिसांचा खच. बरं, तिथे कधीतरी डबा लवंडलेला, त्यामुळे खालच्या नोटिसा फरशीला चिकटून बसलेल्या. बाबा गुडघ्यांवर बसून रंग खरवडायच्या पत्रीने एकेक नोटीस सोडवत होते आणि प्रत्येक नोटिशीला नवी शिवी देत होते. माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तरी त्यातल्या काही मला नव्या होत्या.

पुढचा प्रश्न असा की ही चलानं मिटवायची कुठे. आपला जिल्हा तुला ठाऊकच आहे, गावं थोडी, रस्ते लांब, आणि दर वळणाला हद्द बदलते. आख्ख्या जिल्ह्याला मिळून वेगाचा एकच कॅमेरा आहे. तो पोलीस आज इथे, पुढच्या आठवड्यात तिथे असा हिंडवतात. आणि नियम असा की चलान ज्या हद्दीत झालं, त्याच हद्दीच्या कचेरीत त्याची फाईल. म्हणजे घरबसल्या काही होत नाही, एकेका चलानाच्या मागे एकेका गावाला जा, तिथली कचेरी शोधा, ती उघडी सापडली तर नशीब माना. बाबा म्हणाले, पैसे भरून मोकळं व्हायचं नाही, जे मी केलंच नाही त्याची फाईल मला बघायची आहे. त्यांना एकदा असं काही चढलं की उतरत नाही, हे मी तुला काय सांगणार. तू त्यांच्यावरच गेली आहेस.

पहिली कचेरी निघाली आरागिरणीच्या गावात, आगीच्या बंबाच्या शेडवर एक लाकडी जिना चढून. तिथला कारकून हाच बंबावरचा माणूस. आमचा अर्ज अर्धा लिहून झाला आणि खाली घंटा वाजली. तो आमची फाईल बगलेत मारून जिना उतरला, बंबावर चढला आणि गेला. आम्ही दुपारभर त्याच्या खुर्चीकडे बघत बसलो. परत आला तेव्हा फाईलला धुराचा वास येत होता आणि तो भलता खुशीत होता, कारण आग लहान होती आणि शेतकरणीने त्याला अंडी दिली होती. दुसऱ्या गावात कचेरी म्हणजे शाळेच्या वाचनालयातलं एक टेबल, तेही मुलं मैदानावर असतील तेवढाच वेळ. तिथल्या बाकांवर बसलं की बाबांचे गुडघे कानांशी येत. नदीच्या वळणावर तर कमाल झाली. कॅमेरा पुलाच्या अलीकडच्या गावात उभा होता आणि गाडी पलीकडच्या गावात धावत होती, त्यामुळे अलीकडचा कारकून म्हणे फाईल पलीकडे आणि पलीकडचा म्हणे अलीकडे. आम्ही त्या पुलावरून इतक्या वेळा गेलो-आलो की तिथला मासे धरणारा म्हातारा आम्हाला हात करायला लागला. शेवटी मी दोन्ही कारकुनांना दरडावून पुलाच्या मध्यावर बोलावलं. दोघं आले, एकमेकांना कसे आहात वगैरे विचारलं, आणि तेव्हा कळलं की फाईल दोघांकडेही अर्धी अर्धी आहे.

आता मुद्द्यावर येते. त्या बंबवाल्याच्या कचेरीत, त्याने अंडी बाजूला ठेवून फाईल उघडली तेव्हा, आम्ही पहिल्यांदा फोटो पाहिला. चलानाबरोबर कॅमेऱ्याने काढलेला फोटो असतो, हे आम्हाला माहीतच नव्हतं. समोरून काढलेला निळा पिकअप, खाली नंबर, आणि काचेआड एक धूसर चेहरा. परक्याला तिथे नुसता एक डाग दिसेल. मला तू दिसलीस. तोंड उघडं होतं, म्हणजे गात तरी होतीस नाहीतर कुणाला तरी शिव्या हासडत होतीस. मी बाबांकडे बघितलं, तर बाबा चेहऱ्याकडे बघतच नव्हते. ते नंबराकडे बघत होते. म्हणाले, हा आठ नाही, हा नऊ आहे, हा मी काढलाय.

तुला आठवत असेल, दोन्ही गाड्या एकाच दिवशी घेतल्या होत्या. एकच मॉडेल, एकच निळा रंग, कारण दुकानदाराकडे तोच उरला होता; आणि ओळीने नंबर, बाबांच्या गाडीच्या शेवटी आठ आणि तुझ्या गाडीच्या शेवटी नऊ. मशीनने ठसा उठवलेल्या प्लेटा त्यांना कशा पटणार? अंगणात स्टूल टाकून त्यांनी दोन्ही प्लेटा हाताने रंगवल्या. तुझ्या गाडीवर तर जरा जास्तच जीव ओतला. त्या नऊची शेपटी त्यांनी अशी डौलात वळवली की ती आत फिरून पोटाला टेकली. आपण तिघांनी लांब उभं राहून तिचं कौतुक केलं होतं. कॅमेऱ्याला काय कौतुक? त्याला ते दोन गोल दिसले, त्याने आठ वाचला, आणि तुझी सगळी चलानं इमानेइतबारे बाबांच्या नावावर टाकली. तुला मात्र एकही आलं नाही. तुला वाटत असेल कॅमेरा नुसता शोभेला उभा केलाय. फोटोंत तू ज्या बेफिकिरीने त्याच्यापुढून जातेस, त्यावरून मला तरी तसंच वाटलं.

बाबांनी त्या दिवशी नंबर ओळखला, पण नंबर कुणाचा ते उच्चारलं नाही. तू गेल्यापासून या घरात तुझं नाव त्यांच्या तोंडून निघालेलं नाही. तू जाताना म्हणालीस की बाबा, पाट्या आता मशीन छापतं, मला ब्रश नको, मी पंप दुरुस्त करायला शिकणार. ते म्हणाले, मग मशीनलाच बाप म्हण. दोघांपैकी कुणीच माघार घेतली नाही, आणि मध्ये मी, दोघांची धुणी वाळत घालणारी. मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की पंपाचं काम चांगलं आहे आणि ब्रशचंही चांगलं आहे, आणि जेवण गार होतंय. पण कुणी विचारलं नाही.

त्या पहिल्या फोटोनंतर बाबांची चाल बदलली. प्रत्येक कचेरीत जाऊन ते सांगायचे की हे चलान माझं नाही, आणि मग हळूच विचारायचे, फोटोची प्रत मिळेल का. मी आधी समजले पुराव्यासाठी घेताहेत. पण पुरावा कुणी भिंगाने रोज सकाळी चहाबरोबर बघत नाही. शाळेच्या कचेरीतल्या फोटोत तू केस कापले होतेस. बाबांनी फोटो माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, मानेला थंडी वाजत असेल. कुणाच्या मानेला ते नाही म्हणाले. पुलावरच्या फोटोत शेजारच्या सीटवर कुत्रा होता, चांगला ताठ बसलेला, आणि सीटचा पट्टा लावलेला. बाबा म्हणाले, कुत्र्याने पट्टा लावलाय, हिने नाही लावला. ते ‘हिने’ ऐकून माझ्या हातातला चमचा खाली पडला.

आणि ते बॉनेटवरचं स्टिकर! बाई गं, त्यावरून घरात जे रणकंदन झालं ते तू नव्हतीस म्हणून वाचलीस. तुझ्या वेगाबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही. पण ‘पंप’ आणि ‘दुरुस्ती’ यांच्यामध्ये एवढी जागा सोडलीय की तिथे आणखी एक पंप उभा राहील, रस्त्यावरच्या माणसाला वाटेल हे दोन वेगळे धंदे आहेत, आणि उकार तर बॉनेटवरून घसरून रस्त्यावर पडायला आलाय, हे मला दिवसातून कितीदा ऐकावं लागलं ते विचारू नकोस. मी म्हटलं, मग जाऊन नीट करून द्या. तर वर्तमानपत्र उघडून बसले.

मी तुला एक विचारते. मागे एका रविवारी तू फोनवर म्हणालीस की आज सुट्टी आहे, अंथरुणात लोळत पडले आहे. चलानावर त्याच रविवारची तीच वेळ होती, आणि तू नदीच्या वळणावर होतीस, फोन कानाशी. म्हणजे माझ्याशी खोटं बोलतानाचा तुझा फोटो माझ्याकडे आहे. भिंगरी, जगात कुठल्या आईला असा पुरावा मिळाला असेल? मी रागावले नाही. उलट आपण बोलत होतो तेव्हा तू कशी दिसत होतीस ते मला कळलं. पण गाडी चालवताना फोन घेतलास तर मी तो उचलणार नाही, हे लक्षात ठेव.

एव्हाना बाबांनी नोटिसांचा पत्ता घरचा करून घेतला होता आणि नव्या चलानाबरोबर फोटोची प्रतही मागवली होती. त्यातल्या एका फोटोत तुझ्या मनगटाला पट्टी होती, चांगली जाड. तो आल्यावर मी तुला फोनवर सहज विचारलं की हात बरा आहे ना, आणि तू म्हणालीस, हाताला काय धाड भरलीय. मी पुढे काय विचारणार? बाबा त्या दिवसांत अंगणात येरझाऱ्या घालायचे, आणि पोस्टमन दिसला की फाटकाशी जाऊन उभे राहायचे. आतापर्यंत नोटिसांना शिव्या देणारा माणूस नोटिशीची वाट बघत होता. पुढचं चलान आलं, पाकीट त्यांनी उभ्या उभ्या फाडलं, आणि फोटोत पट्टी नव्हती. त्या दिवशी ते दोनदा वाढून घेऊन जेवले. दंड किती झाला ते बघायचं आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

अशा रीतीने फायली गोळा झाल्या आणि आम्ही पुन्हा खिडकीवरच्या बाईंकडे गेलो. बाबांनी त्यांना अर्धा तास नऊची शेपटी समजावून सांगितली, कागदावर काढूनही दाखवली. बाईंना पटलं. त्या म्हणाल्या, मग तर सोपं आहे. हा नंबर नऊ आहे असा अर्ज द्या, कोर्टात एकदा तोंडी सांगा, की ही सगळी चलानं त्या दुसऱ्या गाडीच्या मालकाकडे जातील आणि तुमचं नाव स्वच्छ. बाबांनी विचारलं, त्या मालकाचं काय होईल? बाईंनी पडद्यावर बघून शांतपणे सांगितलं की एवढी चलानं एकदम अंगावर आली तर लायसन्स वर्षासाठी रद्द, आणि गाडीही सरकारजमा. वर म्हणाल्या, अशा माणसांना धडा मिळायलाच हवा. आणि पेन पुढे केलं. बाबांनी अर्जाच्या दोन ओळी लिहिल्या, सुंदर अक्षरात. मग पेनाला टोपण लावलं, अर्जाची घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, मी कोर्टातच सांगेन.

खरं सांगते, तारखेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. गाडीशिवाय तुझं काम कसं चालणार? पंप काही चालत तुझ्या दारी येत नाहीत. मी बाबांना म्हटलं, आठ म्हणून टाका, काय बिघडतं? ते म्हणाले, माझा नऊ हा नऊच आहे. मी कळवळून सांगितलं, रुसून बसले, भांडी आपटून पाहिली. प्रत्येक वेळी उत्तर तेच. तुला त्यांचा ताठा माहीत आहे. या जिल्ह्यातल्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या, आणि त्यांच्या आकड्याकडे बोट दाखवून कुणी ‘हे काय आहे’ असं विचारलेलं नाही, यावरच तर ते जगत आले. त्यात तुझ्यावरचा राग. मला वाटलं, हा माणूस आता उभा राहून नऊ म्हणणार, आणि मी तुला काय तोंड दाखवणार?

कोर्ट म्हणजे एक लांबट खोली, कोपऱ्यात पाण्याचं पिंप, आणि बाहेर बाबांनीच रंगवलेली पाटी. न्यायाधीश निवृत्तीला आलेले, जरा मिश्कील वाटले. त्यांनी फोटो बाबांच्या हातात दिला आणि म्हणाले, दारावरची पाटी तुमची ना, मग तुमच्याइतका जाणकार आम्हाला कुठे मिळणार, तुम्हीच सांगा हा आकडा कोणता. बाबांनी चष्मा लावला. फोटो जवळ धरला, लांब धरला. खिडकीवरच्या बाई कागदपत्रं घेऊन बाजूला बसल्या होत्या, त्या नऊ लिहून घ्यायला तयारच होत्या. बाबा म्हणाले, आठ.

बाईंचं पेन हातातच राहिलं. न्यायाधीशांनी विचारलं, मग ही शेपटी? बाबा म्हणाले, हात हलला. मला दिसत होतं, त्यांचे कान लाल झाले होते. न्यायाधीश म्हणाले, पण तुमचा हात हलतो असं ऐकलं नव्हतं. बाबा म्हणाले, घाईत केलेलं काम आहे, आकडा गचाळ आहे, आणि माझाच आहे. भिंगरी, मी या माणसाबरोबर जन्म काढला. आपला आकडा गचाळ आहे असं ते म्हणतील यावर मी मरेपर्यंत विश्वास ठेवला नसता. मला तिथेच रडू आलं. मी पदराने नाक पुसायला लागले, तर शिपायाला वाटलं दंडाला घाबरून रडताहेत, त्याने पाणी आणून दिलं.

पण न्यायाधीश एवढ्यावर कसले सोडतात? त्यांनी भिंग काढलं. म्हणाले, गाडी तुम्हीच चालवत होता? बाबा म्हणाले, मीच. ते म्हणाले, फोटोत डोक्यावर भरपूर केस दिसताहेत. बाबांनी आपल्या टकलावरून हात फिरवला आणि म्हणाले, तेव्हा होते. चलान मागच्या महिन्यातलं. कुत्र्याबद्दल विचारलं तर म्हणाले, लिफ्ट मागत होता. मग न्यायाधीशांनी बॉनेटवर बोट ठेवून विचारलं, तुम्ही पाट्या रंगवता, मग इथे पंप दुरुस्ती कसं? बाबांनी चष्मा नीट केला. म्हणाले, पाट्यांचं काम कमी झालं, म्हणून पंपाचं धरलं. स्टिकरही मीच लावलंय. आणि कुणी विचारलं नसताना वर म्हणाले, चांगलं आहे स्टिकर, सुटसुटीत आहे. हे ऐकायला तू तिथे हवी होतीस. न्यायाधीश म्हणाले, बरं झालं भेटलात, आमच्या कोर्टाचा पंप नुसता घूं घूं करतो, पाणी चढत नाही, काय झालं असेल? सगळं कोर्ट बाबांकडे बघायला लागलं. बाबांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, बघावं लागेल, पण माझ्या अंदाजाने त्याला आधी एक हात रंग द्यायला हवा.

न्यायाधीशांनी फाईल तोंडासमोर धरली. फाईल बराच वेळ हलत होती. मग ती खाली ठेवून त्यांनी शांतपणे सांगितलं की गाडी आणि आकडा दोन्ही आपलेच असल्याचं मालकाने कबूल केलंय, कोर्टाला यापुढे काही विचारायचं नाही. कबुलीमुळे लायसन्स वर्षाऐवजी सहा महिने बंद, गाडी जप्त नाही, दंड नेहमीप्रमाणे, आणि त्या आठ नंबरच्या गाडीला ठशाची प्लेट लावावी. बाबांनी मान डोलावली. बाहेर पडताना खिडकीवरच्या बाई जिन्यात भेटल्या. त्या वाट सोडून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

आता गाडी मी चालवते. बाबा शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबतात, आणि बाजूने कुणी जोरात गेलं की मान लांब करून नंबर बघतात. ठशाची प्लेट लावून घ्यायला गेलो तेव्हा ते गाडीतून उतरलेच नाहीत. तुझं काम कसं चाललंय हे मात्र हल्ली विचारतात, म्हणजे मला म्हणतात की पंपवाल्यांना या दिवसांत कामं असतील, नाही? मी म्हणते, असतील.

लायसन्स जमा करायला गेलो तेव्हा बाईंनी आणखी एक सांगितलं, आणि त्यासाठीच हे पत्र. येत्या एक तारखेपासून जिल्ह्याला नवा कॅमेरा येतोय. तो शेपटीला फसत नाही, गाडीची नोंद ताडून बघतो. तुझी चलानं आता तुलाच येतील, तेव्हा वेग आवर, हे एक. बाबांनी बाईंना विचारलं की चलान त्या मालकाला जाऊ दे, पण फोटोची एक प्रत मला मिळाली तर, मी पैसे भरीन. बाई म्हणाल्या, तशी सोय नाही. बाबा बरं म्हणाले आणि टोपी घालायला लागले, ती त्यांना नीट घालता येईना. म्हणजे आता तू आम्हाला दिसणार नाहीस. केस वाढले का, पट्टी आहे का, कुत्रा आहे का, काही कळणार नाही. त्यांना हे लिहिता येत नाही आणि मला ते बघवत नाही, म्हणून मी लिहिते आहे: ये. काही मिटवायला नको, माफी-बिफी मागायला नको, नुसती ये, आणि समोर बस. मी पत्र लिहायला बसले ते त्यांनी पाहिलं, कुणाला ते विचारलं नाही. संपत आल्यावर ब्रश आणि काळ्या रंगाची डबी घेऊन आले आणि म्हणाले, तुझं अक्षर पोस्टाला लागणार नाही, पाकीट मी करतो. पाकिटावरचं तुझं नाव त्यांच्या हातचं आहे, ते तू आधीच ओळखलं असशील. पहिली दोन पाकिटं त्यांनी फाडून टाकली. या तिसऱ्यावर लिहून झाल्यावर रंग वाळेपर्यंत त्याच्याजवळून उठले नाहीत.

तुझीच,
आई